थिबा राजाची तीस वर्षं आणि राजवाड्याची सहा

रत्नागिरीच्या थिबा पॅलेसचे फोटो कुणी टाकले की खाली हमखास हा मजकूर फिरतो : ‘ब्रह्मदेशाच्या थिबा राजाने हा राजवाडा बांधला, इंग्रजांच्या कृपेने इथे तीस वर्षं ऐषारामात काढली आणि शेवटी त्याचं कुटुंब मायदेशी परतलं.’ तीनही गोष्टी चुकीच्या आहेत. त्या खऱ्या धरून लोक संग्रहालय बघून जातात, याचं मला वाईट वाटतं.

आधी तीस वर्षांचं. नोव्हेंबर 1885 मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतलं तेव्हा थिबा अवघा सव्वीस वर्षांचा होता. त्याला आधी मद्रासला नेलं, एप्रिल 1886 मध्ये रत्नागिरीला आणलं. डिसेंबर 1916 मध्ये तो इथेच वारला. म्हणजे रत्नागिरीत तीस वर्षं, हे बरोबर. पण हा वाडा पुरा झाला 1910 मध्ये! त्याआधीची चोवीस वर्षं हे कुटुंब बंगल्यांमध्ये राहिलं. धाकटी राजकन्या 1887 मध्ये रत्नागिरीतच जन्मली. ती या वाड्याचा उंबरा ओलांडून आत आली तेव्हा तेवीस वर्षांची होती. चारही मुलींचं बालपण, तारुण्य, लग्नाची वयं, सगळं वाड्याबाहेरच सरून गेलं. राजाच्या वाट्याला इथली जेमतेम सहा वर्षं आली.

‘राजाने बांधला’ हेही तसंच. आराखड्यात त्याने लक्ष घातलं होतं, पण बांधकाम सरकारी आणि खर्चही सरकारी. स्वतःचा पैसा घालायला त्याच्याकडे उरलं होतं काय? तनखा पुरत नसे म्हणून मंडालेहून आणलेली रत्नं एकेक करून विकली जात होती. व्हाइसरॉयकडे अर्जांवर अर्ज चालले होते. दारावर पोलीस पहारा होता आणि बाहेर जायचं तर परवानगी लागे. रेल्वे नाही, पावसाळ्यात बंदर बंद, असं आडबाजूचं गाव मुद्दाम निवडलेलं होतं. रंगीत काचांच्या त्या अर्धगोल खिडक्या देखण्या आहेत, मीही त्यांच्यापुढे दर वेळी थांबतो. पण खिडकी सुंदर असली म्हणून कैद सुटत नाही.

आता परतण्याचं. राणी सुपयालत 1919 मध्ये रंगूनला गेली खरी. मात्र नवऱ्याचा देह सोबत नेण्याची परवानगी तिला मिळाली नाही. थिबाचं थडगं आजही रत्नागिरीत, शिवाजीनगर भागात आहे. 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथे येऊन गेले. वाडा पाहायला येणाऱ्यांपैकी किती जण तिथवर जातात?

आणि सगळं कुटुंबही गेलं नाही. थोरल्या राजकन्येला राजाच्या पहाऱ्यावरच्या एका मराठी माणसापासून मुलगी झाली, टुटू. ती जन्मली तेव्हा हा वाडा उभाही राहिला नव्हता. राजकन्या ब्रह्मदेशात जाऊन पुन्हा रत्नागिरीला आली आणि 1947 मध्ये इथेच गेली. टुटू इथेच वाढली, इथेच संसार केला, मराठीच बोलली. मंडालेच्या शेवटच्या राजाची नात रत्नागिरीच्या गल्लीत, शेजारणींमधली एक होऊन म्हातारी झाली.