सगळी पिल्लं वाचवायची नाहीत, असं मी का म्हणतो

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा जरा चिडलो, दुसऱ्यांदा गप्प झालो, कारण त्यातला एक मुद्दा बिनतोड आहे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. गप्पी माशांच्या पैदाशीवरच्या लेखात मी लिहिलं होतं की ब्रीडिंग बॉक्स (व्यायला आलेली मादी वेगळी ठेवायची प्लॅस्टिकची छोटी पेटी) नको, पिल्लं टाकीतच झाडोऱ्यात होऊ द्या, जगतील तेवढी जगतील. तुमच्या मते हा आळस आहे आणि वर क्रूरपणाही. बॉक्स वापरून तुम्ही एका बॅचची ३८ पिल्लं वाचवलीत. दुसरी तक्रार अशी की ‘मादी महिनाभर एकटी ठेवा, मग हवा तो नर सोडा’ हा माझा सल्ला पाळूनही निळ्या नरानंतरच्या पहिल्या बॅचमधले निम्मे नर पिवळ्या शेपटीचे निघाले.

दुसरी तक्रार आधी घेतो, कारण तिथे चूक माझी आहे. गप्पीची मादी नराच्या शुक्रपेशी अंगात साठवून ठेवते आणि त्या शिदोरीवर, पुन्हा नराचं तोंडही न बघता, कित्येक महिने बॅचमागून बॅच देत राहते. दुकानात नर-मादी एकाच टाकीत असतील तर तिथून आणलेली मोठी मादी कोरी, म्हणजे नराशी संबंध न आलेली, निघणं जवळजवळ अशक्यच. महिनाभर एकटी ठेवून एक बॅच उरकते, साठा संपत नाही. नवा नर आला की बहुतेक वेळा त्याच्या पेशींचा नंबर आधी लागतो, पण जुनी शिल्लक मधेच डोकं वर काढते. तुमचे पिवळे बहुधा त्यातलेच. लेखातलं ते वाक्य काढून टाकलंय.

‘बहुधा’ म्हणतोय, कारण दुसरी शक्यता खुद्द आईची आहे. मादी करडी दिसते म्हणून रंगात तिचा वाटा नाही असं आपण धरून चालतो. १९२० साली डॅनिश जीवशास्त्रज्ञ योहानेस श्मिट यांनी दाखवलं की नराच्या पाठीवरच्या परावरचा काळा ठिपका बापाकडून मुलग्यांकडेच जातो, आणि पुढे ओइविंद विंगे या संशोधकांनी बापाकडून फक्त मुलग्यांना मिळणाऱ्या वाय गुणसूत्राचं हे गणित गप्पीवरच आणखी उलगडलं. पण काही रंग मुलग्यांना आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावरही असतात. ते आईच्या अंगावर दिसत नाहीत, मुलग्यांच्या शेपटीवर उमटतात.

आता बॉक्स. तुमची ३८ जगली, आनंद आहे. माझ्याकडे उलटं झालं होतं. मादीच्या पोटावरचा गर्भाचा डाग काळाभोर झालेला बघून मी तिला बॉक्समध्ये टाकलं. रात्रभर ती प्लॅस्टिकच्या भिंतीला तोंड आपटत राहिली. सकाळी तळाशी ११ पिल्लं होती, पोटाला बलकाची पिशवी तशीच चिकटलेली. दिवस भरायच्या आधीच तिने टाकली होती. दोन दिवसांत सगळी गेली.

मोकळ्या टाकीत हेच कधी जवळून पाहिलंत का? पिल्लू दुमडलेलं बाहेर येतं, शेपूट डोक्याला टेकलेलं. थोडं खाली बुडतं, सुरळी उलगडावी तसं सरळ होतं आणि तडक जावा मॉसमध्ये, म्हणजे पाण्यातल्या शेवाळासारख्या झाडोऱ्यात, घुसतं. जेमतेम ६-७ मिलिमीटरचा जीव, दिसतात ते फक्त डोळे. लपायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं.

आई पिल्लं खाते हे खरं. आपली-परकी तिला कळत नाहीत. समोर हलतंय आणि तोंडात मावतंय एवढंच कळतं. म्हणून तिला आधी पोटभर खायला द्या आणि हॉर्नवर्ट ही पाणवनस्पती इतकी दाट ठेवा की पलीकडची काच दिसू नये. तरी काही जातील. पण ३८ च्या जागी १२-१५ उरली तर पुढची पिढी त्यातूनही होते.

सगळी वाचवण्याचा हट्ट मीही केलाय. तीन माद्या, ४० लिटरची टाकी, आणि बघता बघता शंभराच्या वर पिल्लं. दिवसातून चार-पाचदा खाणं, तळाशी उष्टं आणि त्यातून अमोनिया. गप्पीला मानवतं ते जड, अल्कधर्मी पाणी, आणि तेवढाच अमोनिया अशा पाण्यात जास्त विषारी ठरतो. पर मिटून तळाशी बसलेली ती पिल्लं पाहिल्यावर क्रूर कशाला म्हणायचं याबद्दलचं माझं मत बदललं.

‘जास्त झाली तर तळ्यात सोडता येतात’ हे मात्र कृपा करून नको. गप्पी मूळची दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातली. डास मारायला म्हणून ती जगभर सोडली गेली आणि अनेक ठिकाणी स्थानिक माशांच्या मुळावर आली.

तुमची नवी बॅच १८ दिवसांची आहे असं लिहिलंय. म्हणजे नर वेगळे काढायला वेळ हातात आहे, पण फार नाही. रोज भिंगातून पोटाखालचा मागचा पर बघा. मादीचा पंख्यासारखा राहतो, नराचा टोकदार होत जातो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टोक दिसायला लागलेलं प्रत्येक पिल्लू लगेच दुसऱ्या टाकीत हलवा, शंका असली तरी हलवा. मागे उरतील त्या माद्या खरोखर कोऱ्या असतील. त्या वाढल्या की मग तुमचा निळा नर सोडा.