जळकं ऑइल, काळं कोटिंग आणि मेण : मे महिन्यातल्या त्या फॉरवर्डला उत्तर

मे महिना लागला की एक मेसेज न चुकता फिरायला लागतो. यंदा तीन ग्रुपवर आला. त्यातला उपदेश थोडक्यात असा : जुन्या गाडीला पावसाळ्याआधी खालून जळकं ऑइल-डिझेल मारा, त्यासारखं औषध नाही. मेणाचं कोटिंग थंड देशातलं, आपल्या उन्हात वितळून जातं. पैसे घालवायचेच तर काळं रबर कोटिंग मारा, जन्माची काळजी मिटते. गंज आधीच चढला असेल तर त्यावर काही मारू नका, तो आत दबून वाढतो. आणि समुद्रापासून लांब राहत असाल तर या भानगडीत पडूच नका.

माझी गाडी १९९९ सालची, मुक्काम रत्नागिरी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि उरलेले आठ महिने खारा वारा. यातल्या दोन चुका मी पदरचे पैसे मोजून केल्या आहेत, म्हणून हे लिहितोय.

जळक्या ऑइलची गोष्ट अगदीच खोटी नाही. लोखंडाला पाणी आणि हवा लागू दिली नाही की गंज थांबतो. कोयत्याला तेल लावून ठेवणाऱ्या घरात हे सांगायला नको. पण कोयत्याला आपण चांगलं तेल लावतो. इंजिनातून काढलेल्या ऑइलमध्ये काजळी असते, धातूचा कीस असतो, इंधन जळताना तयार झालेली आम्लं असतात. त्यात डिझेल घालून पातळ केलं की ते फवारायला सोपं आणि वाहून जायलाही सोपं. जून-जुलैचा पाऊस खाल्ल्यावर गणपतीपर्यंत टायरमागच्या पत्र्यावर त्यातलं काय उरतं, ते बोट फिरवून बघा. जिथे उरतं तिथे धूळ-माती धरून ठेवतं, आणि ती माती ओल धरते. सस्पेन्शनचे रबरी बुश तेला-डिझेलने फुगतात, ते वेगळंच. शिवाय वापरलेलं ऑइल २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते अंगणात ठिबकतं आणि पिटमध्ये, म्हणजे गाडीखालच्या खड्ड्यात, उभा राहून फवारा मारणाऱ्या पोराच्या अंगावर उडतं. त्या पोराचा विचार मेसेजमध्ये कुठेच नाही.

मेण वितळतं, हा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवं. हे काही मेणबत्तीचं मेण नव्हे. ते द्रावकात पातळ केलेलं असतं. फवारल्यावर द्रावक उडून जातो आणि मागे मऊ, चिकट पापुद्रा उरतो. पोकळ भागांत मारायचं मेण पातळ असतं. दोन पत्रे एकमेकांवर ठेवून जिथे स्पॉट वेल्डिंग केलेलं असतं, त्या फटीत ते स्वतःहून ओढलं जातं. बाहेरून तळाला मारायचं मेण जाड आणि चिवट असतं. माझ्या गाडीच्या दारांच्या खालच्या भोकांतून पहिल्या मे महिन्यात तपकिरी थेंब ठिबकले, हे कबूल. पण तो जादा माल होता. आत पापुद्रा शाबूत होता, आणि उन्हात तो थोडा मऊ होतो म्हणूनच बारीक ओरखडे परत झाकले जातात. कडक उन्हाच्या गावात असाल तर घेतानाच जास्त तापमानाला टिकणारं मेण मागा. सायलेन्सरच्या आसपास, ब्रेकच्या डिस्कवर आणि रबरी भागांवर ते मारायचंच नसतं. राहिला थंड देशाचा मुद्दा. ब्रिटन-स्वीडनमध्ये हे रुजलं ते थंडीमुळे कमी आणि बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठामुळे जास्त. आपल्याकडे मीठ वाऱ्याने येतं, एवढाच फरक.

आता काळं कोटिंग. मी ते एका गॅरेजात मारून घेतलं होतं. गाडीचा तळ नवाकोरा दिसायला लागला आणि चार वर्षं मी खाली वाकून बघितलंही नाही. पंधरा वर्षांनंतरचं पासिंग जवळ आलं तेव्हा गाडी रॅम्पवर चढवली. मिस्त्रीने ड्रायव्हरसीटखाली स्क्रूड्रायव्हर सहज टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. "काका, पत्रा राहिलेलाच नाही. कोटिंगच गाडीला धरून आहे," तो म्हणाला.

झालं होतं असं की रबर-डांबराचा थर वर्षं गेली तसा कडक झाला, खडी लागून त्याला चिरा पडल्या, चिरांतून पाणी थराच्या मागे शिरलं आणि तिथेच बसलं. हा थर वाईटच असतो असं नाही. स्वच्छ, कोरड्या, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर खडीचा मार झेलायला तो उत्तम. पण त्याने काळजी मिटत नाही, फक्त दिसेनाशी होते. आणि दरवाजाखालच्या पोकळ पट्टीच्या आत तो पोचतच नाही. बहुतेक कारना ट्रक-जीपसारखी वेगळी चॅसी, म्हणजे खालचा स्वतंत्र सांगाडा, नसते, त्या पोकळ पत्र्यांवरच गाडी उभी असते. तिथला गंज आतून बाहेर येतो. रंगावर फोड दिसला तेव्हा आतला पत्रा बहुधा चाळणी झालेला असतो. तिथे फक्त लांब नळीच्या टोकाला चहूबाजूंनी उडणारा फवारा पोचतो, आणि त्यासाठी मेणच लागतं.

गंजावर काही मारू नका, हा सल्ला कडक कोटिंगला लागू पडतो, मेणाला नाही. सुटे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढायचे, पत्रा पूर्ण वाळू द्यायचा. मग उरलेला सच्छिद्र गंज पातळ मेण शोषून घेतो आणि पाणी-हवेची वाट बंद होते. हवं तर आधी टॅनिन असलेलं गंजरोधक लावा, गंज काळानिळा पडून स्थिर होतो. (हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की काळं होतं, तेच हे.) ओल्या पत्र्यावर मात्र मेण मारलंत तर पाणी आत कोंडेल, म्हणून हे काम एप्रिल-मेमध्येच करायचं. भोक पडलं असेल तर मेणाने ते भरत नाही आणि लांबीनेही (पुटीनेही) नाही. पत्रा कापून नवा जोडावा लागतो. तेही मेणाच्या आधी, कारण मेण भरलेल्या पोकळीजवळ वेल्डिंग केलं तर आग लागते.

समुद्रापासून लांब असलात तर गंज उशिरा चढेल, एवढंच. पुण्या-नागपुरातही वायपरखालच्या जाळीत पाला साचतो आणि दारांतलं पाणी निघून जायची खालची भोकं चिखलाने बुजतात. पहिल्या मोठ्या सरीनंतर ब्रेक दाबल्यावर दारात पाणी हिंदकळल्याचा आवाज आला, तर मेणाचा डबा बाजूला ठेवा आणि आधी सायकलचा एक जुना स्पोक शोधा.