ईफेचे ओतारी ईफेचेच होते

व्हॉट्सॲपवर गेले काही महिने फिरणाऱ्या एका मजकुराकडे मी दोनदा दुर्लक्ष केले होते. तोच मजकूर नववीतल्या पुतणीच्या प्रकल्पवहीत, तिच्या वळणदार अक्षरात उतरलेला पाहिल्यावर मात्र उत्तर लिहिणे भाग पडले. मजकुराचे म्हणणे थोडक्यात असे: नायजेरियातील ईफे येथे सापडलेली कांस्यशिरे पाच हजार वर्षांपूर्वीची असून ती वैदिक देवतांची आहेत, तेथील योरुबा लोकांचे ‘ओरिशा’, म्हणजे देवता, हेच आपले ‘ऋषी’ आणि त्यांचा समुद्रदेव ‘ओलोकुन’ म्हणजे ‘वरुण’, रानात राहणाऱ्यांना असे ओतकाम जमणे शक्य नसल्याने ती भारतातून गेलेल्या कारागिरांनी घडवली, आणि हा पुरावा इंग्रजांनी 1897 मध्ये लुटून दडवला.

काळाचा प्रश्न एका वाक्यात संपतो. ही शिल्पे साधारणपणे बाराव्या ते पंधराव्या शतकातील मानली जातात, म्हणजे ती घडत होती तेव्हा देवगिरीवर यादव राज्य करीत होते किंवा त्यांचे राज्य बुडाले होते. 1897 ची लूट खरी आहे, पण ती बेनिनची. बेनिन हे आजच्या नायजेरियातलेच, पण एडो लोकांचे वेगळे राज्य. तेथील लुटीचा काही भाग इंग्रज सरकारने मोहिमेचा खर्च भरून काढण्यासाठी उघड विकला, त्यामुळे ‘दडवला’ या शब्दालाही आधार उरत नाही. ईफेच्या वुनमोनिजे वाड्यात घरबांधणी करताना डझनाहून अधिक धातुशिरे निघाली ती 1938 मध्ये. एकेचाळीस वर्षे आधी लुटलेल्या मालात ती कशी असतील, हे मजकूर लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

‘कांस्य’ हा शब्दही सैलपणे वापरला जातो, आणि हा दोष जगभरच्या संग्रहालयांचाही आहे. कासे म्हणजे तांबे आणि कथील, पितळ म्हणजे तांबे आणि जस्त, हे पुण्याच्या तांबट आळीत कोणीही सांगेल. ईफेची बहुतेक शिरे शिसेमिश्रित पितळेची आहेत आणि काही तर जवळजवळ शुद्ध तांब्याची.

नावांच्या साधर्म्याबद्दल फार लिहिण्याची इच्छा नाही. ‘ओरिशा’ला ‘ऋषी’ ठरवायचे असेल, तर ‘ओरी’ या योरुबा शब्दाचे काय करायचे ते आधी सांगावे. ओरी म्हणजे डोके, आणि योरुबा धर्मविचारात त्याला विलक्षण स्थान आहे. दिसणाऱ्या डोक्याच्या आत दुसरे, न दिसणारे डोके असते. माणूस जन्माला येण्यापूर्वी अजाला नावाच्या कुंभाराकडून ते निवडतो, आणि हा कुंभार बेफिकीर असल्याने काही डोकी कच्ची भाजलेली निघतात. ज्याच्या वाट्याला कच्चे डोके आले त्याचे आयुष्य कष्टात जाते. हे वाचताना आपल्याला पाचवीच्या रात्री कपाळावर लिहून जाणारी सटवाई आठवते, हे मी नाकारत नाही. पण सटवाई लिहिते आणि योरुबा माणूस स्वतः निवडतो, एवढा मोठा भेद ‘दोन्ही एकच’ म्हणणाऱ्याला दिसत नाही. ईफेच्या पूर्णाकृती मूर्तींत डोके एकूण उंचीच्या सुमारे पाव भागाएवढे मोठे का, याचे उत्तर याच ओरीच्या महत्त्वात शोधले जाते. मजकूर म्हणतो तशी ही शिरे देव्हाऱ्यातल्या मूर्तींसारखी पुजली जात होती, असे मानण्यास फारसा आधार नाही. केसांच्या रेषेवर आणि मानेजवळ असलेल्या छिद्रांवरून त्यांना मुकुट किंवा मण्यांचे झालर-पडदे जोडत असावेत असे दिसते. 1957 मध्ये ईफेतील इटा येमू येथे मूर्ती सापडल्यावर तेथे उत्खनन करणारे फ्रँक विलेट यांनी असे अनुमान केले की, मृत राजाच्या दुसऱ्या अंत्यविधीत लाकडी धडावर अशी शिरे बसवली जात असावीत. इतरांच्या मते ती राजचिन्हे मिरवण्यासाठी होती. वाद आहे, आणि तो ईफेच्या राजसत्तेविषयी आहे.

खरा राग येतो तो ‘रानात राहणाऱ्यांना जमणे शक्य नाही’ या वाक्याचा. हे वाक्य आपल्याकडचे नाहीच. 1910 च्या अखेरीस लिओ फ्रोबेनियस हा जर्मन संशोधक ईफेला आला, ओलोकुनच्या राईतले धातुशिर पाहून थक्क झाला, आणि एवढे सुंदर काम समोरच्या काळ्या माणसांच्या पूर्वजांचे असू शकत नाही असे ठरवून मोकळा झाला. त्याने ते बुडालेल्या अटलांटिसचे आणि ग्रीकांचे ठरवले, ओलोकुनला पोसायडन म्हटले, आणि शिल्पांची राखण करणाऱ्या स्थानिकांना अवनत वंशज म्हणून हिणवले. आमच्या मजकुराने पोसायडन खोडून तिथे वरुण लिहिला आहे; बाकी मांडणी, तुच्छतेसकट, जशीच्या तशी आहे. गोऱ्या साहेबाने आपल्या लेण्यांबद्दल असेच म्हटले असते तर हेच लोक पेटून उठले असते.

शक्य नाही म्हणणाऱ्यांनी धातूकडे पाहावे. शुद्ध तांबे 1,083 अंशांच्या आसपास वितळते, साच्यात नीट वाहत नाही आणि वायू शोषून फुगे धरते, म्हणून ओतारी ते टाळतात. तरीही ईफेचा राजा ओबालुफोन याचा म्हणून ओळखला जाणारा मुखवटा जवळजवळ शुद्ध तांब्यात ओतलेला आहे. त्याच चेहरेपट्टीची, गालांवर तशाच उभ्या रेषा असलेली भाजलेल्या मातीची शिरेही ईफेत मिळतात. परदेशी कारागीर येऊन गेले असते, तर मातीत हात बसलेली ही परंपरा कोणाची? आणि फ्रोबेनियसने ज्या ओलोकुन राईत अटलांटिस शोधले, तिथेच अबिदेमी बाबालोला यांच्या उत्खननात काच वितळवण्याच्या मुशींचे तुकडे आणि काचेचे मणी मिळाले. तेथील काचेची रासायनिक घडण बाहेरून येणाऱ्या काचेपेक्षा वेगळी, स्थानिक कच्च्या मालाची आहे. भट्टी सांभाळणारे हे गाव होते.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ईफेची शिरे ज्या रीतीने ओतली, ती मेणाचा नमुना वितळवून त्याच्या जागी धातू ओतण्याची रीत आपल्याकडेही जुनी आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लासा’त तिचे वर्णन आहे. शिवाय मालदीवच्या कवड्या अरब व्यापाऱ्यांच्या हातून, वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेपर्यंत पोहोचल्या, आणि योरुबा लोक सोळा कवड्या टाकून आजही कौल घेतात. हिंदी महासागरातून तिथे काही गेलेच असेल, तर त्या कवड्या गेल्या. कारागीर गेल्याचा एकही पुरावा मजकुरात नाही.

पुतणीने तो परिच्छेद खोडला आणि ‘हे कोणी घडवले?’ या रकान्यात काय लिहू असे विचारले. ईफेच्या ओताऱ्यांनी, असे मी सांगितले, आणि त्यांची नावे राहिली नसली तरी राजा ओबालुफोन याला ईफेचे लोक ओतकामाचा देव मानतात, हेही तिला कंसात लिहायला लावले.