बाजूचा दात बारीक आहे, म्हणून काय झालं?

कॉलेज रोडला हल्ली दातांच्या जाहिरातींचे जे बोर्ड लागतात, त्यावर चेहरे वेगवेगळे आणि दात मात्र एकच. सगळ्या कडा एका रेषेत, रंग तर असा की कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. मी नाशकातच डेंटल लॅबमध्ये काम करते. डॉक्टरांकडून माप येतं, आम्ही प्लास्टरचं मॉडेल करतो, त्यावर कॅप, ब्रिज, कवळी घडवतो. दिवसभर लोकांचे दात हातात असतात, त्यातले बोर्डावरच्यासारखे फार क्वचित दिसतात. जुनी माणसं दातांना डाळिंबाच्या दाण्यांची उपमा द्यायची ना? सटाण्याकडचं एखादं डाळिंब फोडा आणि शेजारचे दोन दाणे अगदी सारखे निघाले तर मला कळवा.

वरच्या पटाशीच्या मोठ्या दाताशेजारचा दात घ्या. अक्कलदाढ सोडली तर तोंडातला सगळ्यात लहरी दात हाच. कुणाचा चांगला रुंद, कुणाचा एवढुसा, टोकाकडे निमुळता. कुणाला तो येतच नाही, मग सुळा सरकून त्याची जागा धरतो. हे घराण्यात चालतं. मध्ये आमच्याकडे एका मायलेकींची मॉडेल्स एकत्र आली. दोघींचा डावीकडचा दात बारीक, मुलीचा जरा जास्तच. सोबत चिठ्ठी : मुलीचं लग्न ठरलंय, चार व्हिनिअर (दाताला पुढून चिकटवायचे पातळ पापुद्रे), शेड एकदम पांढरी. डॉक्टरांना फोन करून विचारलं, तेवढा एकच दात भरून घेतला तर? म्हणाले, घरच्यांना चारही हवेत. केले.

दाढांची तर वेगळीच मजा. काही जणांच्या वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला टाळूच्या बाजूने एक जादा उंचवटा असतो. कुणाला नुसती खाच, कुणाला चांगला ठसठशीत. व्हिएन्नाच्या काराबेल्ली नावाच्या दंतवैद्याने 19व्या शतकात त्याचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्याचंच नाव. युरोपीय लोकांत तो जास्त आढळतो. पूर्व आशियात आणि अमेरिकेच्या मूळ रहिवाशांत पटाशीचे दात मागून खोलगट आणि दोन्ही कडा उचललेल्या, असं प्रमाण मोठं. त्यामागे ईडीएआर जनुकातला एक बदल आहे आणि त्याच बदलाने केसही जाड होतात! आपल्या पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात निघालेल्या, 3,000 वर्षांपूर्वीच्या माणसांच्या दातांचाही असाच अभ्यास झालाय. तेव्हाही सगळ्यांचे दात एका साच्यातले नव्हतेच.

साचा आमच्या धंद्याने आणला. 1914 च्या सुमारास लिऑन विल्यम्स या दंतवैद्याने मांडलं की चेहरा उलटा धरला की पटाशीच्या दाताचा आकार मिळतो : चौकोनी, निमुळता, लंबगोल. पुढे लोकांनी खरंच मोजून पाहिलं, तर मेळ फारसा बसेना. कवळीच्या दातांचे सेट मात्र आजही त्याच नावांनी येतात.

आता मुद्द्याचं. दाताचा आकार हिरडीच्या आतच ठरतो. सहाव्या वर्षी येणारी दाढ जन्माच्या सुमारास घडायला लागलेली असते. इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण आवरण, बनवणाऱ्या पेशी दात बाहेर येईपर्यंत संपतात, त्यामुळे घासलेलं इनॅमल परत येत नाही. पुढच्या दाताच्या टोकाकडे ते एक मिलिमीटरच्या आसपास, हिरडीपाशी त्याहून पातळ, आणि व्हिनिअरसाठी बऱ्याचदा अर्धा मिलिमीटर काढतात. धडधाकट दात फक्त शेजाऱ्यासारखा दिसावा म्हणून हे करायचं? मला पटत नाही. (आमचे शेठ हे वाचत असतील तर माफी.) बारीक दात कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचा भराव) लावून भरता येतो, तो बहुतेक वेळा न घासता. डॉक्टरांना आधी एवढंच विचारा, किती घासणार?

आणि सात-आठ वर्षांच्या पोराच्या नव्या दातांना काठावर तीन बारीक टोकं दिसली तर घाबरून दवाखाना गाठू नका. खाताना आपोआप झिजतात.

चावताना दात आपटत असतील, साफ होत नसतील, तर तारा लावाव्यात, जरूर लावाव्यात. स्वतःचा दात स्वतःलाच डाचत असेल तरी माझं काही म्हणणं नाही. माझा राग 'लोक काय म्हणतील' वाल्यांवर आहे. निफाडचे एक आजोबा कवळी करायला आले तेव्हा पुढच्या दोन दातांत पूर्वीसारखी फट मागून बसले. मुलगा म्हणे, आता कशाला? आजोबा म्हणाले, नातू ओळखायचा नाही. ठेवली फट. कवळीचे पैसे तेवढेच लागतात, फक्त डॉक्टरांना चिठ्ठीत तसं लिहायला सांगावं लागतं.