‘बोला, लिहायची गरज नाही’: मराठी टायपिंग मोडीत काढणाऱ्या संदेशाला उत्तर

शिक्षकांच्या आणि पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: बोलून लिहिणं टाइप करण्यापेक्षा तिप्पट वेगवान आहे, हे संशोधनाने सिद्ध झालंय. मराठी कीबोर्ड अवघड आणि अतार्किक आहे. कमी शिकलेल्यांना तर आवाजच सोयीचा. तेव्हा मुलांना मराठी टायपिंग शिकवण्यात वेळ घालवू नका.

बोलून लिहिण्याच्या सोयीशी माझं भांडण नाही. ज्यांना दिसत नाही किंवा ज्यांची बोटं चालत नाहीत, त्यांना या सोयीने किती मोकळं केलंय हे मी जवळून पाहिलंय. पण मी मुद्रितशोधनाचं काम करते. बोलून टाइप केलेला मजकूर रोज माझ्याकडे तपासायला येतो. म्हणून ‘शिकवू नका’ हे वाचून गप्प बसवलं नाही.

आधी तिप्पट वेगाचं बघू. हा आकडा खोटा नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि बायदू या चिनी कंपनीच्या संशोधकांनी 2016 साली तो प्रयोग मांडला. पण भाषा होत्या दोन, इंग्रजी आणि मँडरिन चिनी. तुलना होती फोनच्या पडद्यावरच्या इवल्याशा कीबोर्डशी, टेबलावरच्या मोठ्या कीबोर्डशी नव्हे. मजकूर होता छोट्या संदेशांचा, आणि वाक्यं आधीच तयार करून दिलेली होती. इंग्रजीत वेग तिप्पट भरला, मँडरिनमध्ये 2.8 पट, आणि चुकाही कमी झाल्या. हे सगळं मान्य. मात्र ऐकण्यात चूक झाली तर ती दुरुस्त करायला त्या प्रयोगातही कीबोर्ड हाताशी दिलेला होता. संदेश पुढे पाठवणाऱ्यांनी नेमकी हीच गोष्ट गाळली.

तयार वाक्य वाचून दाखवणं वेगळं आणि तहसीलदाराला अर्ज लिहिणं वेगळं. अर्ज लिहिताना वाक्य डोक्यात जुळत असतं, मोडत असतं. अमेरिकेतले संगणकशास्त्रज्ञ बेन श्नाइडरमन यांनी 2000 सालीच याकडे लक्ष वेधलं होतं. बोलण्यासाठी मेंदूची जी तात्पुरती स्मृती खर्ची पडते, तीच विचार करायलाही लागते. हाताचं काम मात्र बऱ्याच अंशी वेगळ्या वाटेने चालतं, म्हणून टाइप करता करता पुढचा विचार करणं सोपं जातं. त्याच्या आदल्या वर्षी आयबीएमच्या संशोधकांनी बोलून लिहिणाऱ्यांची पाहणी केली, तेव्हा बराच वेळ दुरुस्तीत जात होता आणि कीबोर्डवाले दुपटीहून वेगवान ठरले होते. आजची यंत्रं तेव्हाच्यापेक्षा कितीतरी चांगलं ऐकतात. तरी दुरुस्ती सुटलेली नाही, आणि मराठीत तर ती सुटणं फार कठीण आहे.

कारण आपण ऱ्हस्व-दीर्घ जसं लिहितो तसं बोलत नाही. ‘शिर’ म्हणजे डोकं, ‘शीर’ म्हणजे रक्तवाहिनी. ‘सुत’ मुलगा, ‘सूत’ धागा. ‘दिन’ आणि ‘दीन’. रोजच्या बोलण्यात या जोड्या बहुतेकांच्या तोंडी सारख्याच येतात, त्यामुळे यंत्राला आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधावा लागतो. तो पुष्कळदा बरोबर येतो. पण हृदयविकारावरच्या एका लेखात सात ठिकाणी ‘शीर’चं ‘शिर’ झालेलं मी स्वतः दुरुस्त केलंय. लेखकाने तो बोलून लिहिला होता आणि मोठ्याने वाचून तपासला होता. कानाला काहीच खटकलं नाही, कारण खटकण्यासारखं कानाला काही नव्हतंच. चूक डोळ्यांनीच सापडणार होती आणि हातानेच सुधारणार होती.

दुसरा आरोप मराठी कीबोर्ड अतार्किक असल्याचा. मला सगळ्यात जास्त वाईट याच वाक्याचं वाटतं, कारण ज्याला लोक अवघड म्हणतात तो इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली कळांची मांडणी, आपल्या वर्णमालेच्या तर्कावरच उभा आहे. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो 1986 साली ठरवला, 1988 मध्ये सुधारला, आणि 1991 च्या भारतीय मानकात त्याला जागा मिळाली. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. इंग्रजी ‘के’च्या कळीवर क, शिफ्ट दाबून ख. ‘आय’वर ग, शिफ्टने घ. ‘एल’वर त, शिफ्टने थ. म्हणजे अल्पप्राण साधं, महाप्राण शिफ्टसह. मात्रेच्या कळीवर शिफ्ट दाबलं की तोच स्वर सुटा मिळतो. आपली मुलं पहिलीत जी बाराखडी घोकतात, तीच इथे बोटांखाली येते. शिवाय क जिथे मराठीत, तिथेच तो गुजरातीत, कन्नडमध्ये आणि बंगालीतही आहे. आठवडाभर अडखळायला होतं हे खरं. पण ते अडखळणं नवखेपणाचं, रचनेतल्या दोषाचं नव्हे.

फोनसाठीही आपल्याकडे अस्सल काम झालंय. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्वरचक्र’ हा फोनचा कीबोर्ड बनवला. व्यंजनावर बोट टेकवलं की त्याच्याभोवती मात्रांचं चक्र उमलतं: क, का, कि, की. हव्या मात्रेकडे बोट सरकवायचं आणि उचलायचं. पाय मोडला की पुढची जोडाक्षरं कळीवरच दिसू लागतात, त्यामुळे ती कशी बनतात हे पाठ करावं लागत नाही. हे संशोधन आपल्या लिपीला केंद्रस्थानी ठेवून झालं, आणि त्याची शाळांना माहितीसुद्धा नसावी याची मला खंत वाटते.

‘कमी शिकलेल्यांना आवाजच सोयीचा’ हे ऐकायला पटतं. तपासून पाहिलं तेव्हा उलटं निघालं. नील पटेल या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या ग्रामीण लोकांसोबत फोनवरच्या माहितीसेवेचा अभ्यास केला आणि तो 2009 साली प्रसिद्ध झाला. पर्याय बोलून निवडायचा, की फोनची बटणं दाबून? बटणांनी काम पुरं करणारे लक्षणीयरीत्या जास्त होते, आणि हा फरक आठवीपेक्षा कमी शिकलेल्यांत विशेष दिसला. बटणं वापरणाऱ्यांना अडचणही कमी वाटली. तंत्रज्ञान जुनं होतं, म्हणून आज आकडे बदलतील. पण अल्पशिक्षित म्हणजे आवाज, हे समीकरण आपण शहरात बसून त्यांच्या वतीने मांडू नये, एवढं त्यावरून नक्की कळतं.

आणि आवाज कुणाचा? अमेरिकेत 2020 साली पाच बड्या कंपन्यांच्या, बोलणं ऐकून लिहिणाऱ्या यंत्रणा तपासल्या गेल्या. गोऱ्यांच्या बोलण्यात शंभर शब्दांमागे साधारण 19 चुका, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात 35. भाषा दोघांचीही इंग्रजीच. वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी वळणाने बोलणाऱ्या आपल्या मुलांना ‘टायपिंग शिकू नका’ असं सांगताना हे आकडे डोळ्यांपुढे असू देत. ‘के’ची कळ दाबणाऱ्याचं गाव कोणतं हे ती विचारत नाही, तिच्यातून क च येतो.

विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट मिळतो, पैसे पडत नाहीत. वर्गात सुरुवात करायची तर ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ हे दोन शब्द द्या. पहिला गुरूला, दुसरा स्वयंपाक्याला. पहिल्यात ‘जे’ची कळ नुसती, दुसऱ्यात शिफ्टसह. बाकी सगळ्या कळा त्याच.