आधी विचारा, रक्त जातंय कुठे?

गेल्या दिवाळीत मावशीचं हिमोग्लोबिन ७.२ आलं. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच सुरू: बीट, खजूर, डाळिंब, गूळ-शेंगदाणे. रक्त जातंय कुठे, हे मात्र कुणीच विचारलं नाही.

मी विचारलं, तर तिने आधी दार लोटून घेतलं. दोन वर्षं पाळी आठ-आठ दिवस, अंगावरून इतकं जायचं की ती रात्री उठून चादर धुवायची. "चाळिशीनंतर असंच असतं गं." सोनोग्राफीत गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ निघाली. नळ उघडा टाकून पिंप भरायला निघालो होतो आम्ही!

लोहाच्या गोळ्या होत्या की, साखरेच्या रिकाम्या डब्यात. पोट गच्च होतं, संडासला काळं होतं म्हणून ठेवून दिलेल्या. घेतल्या तेव्हाही वरून चहा. चहातलं टॅनिन लोह आतड्यात नीट शोषू देत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना ॲनिमिया होता. त्याआधीच्या पाहणीत ४८ होता. म्हणजे वाढला! आणि सगळ्यांचं कारण लोहच असं नाही. शाकाहाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व अनेकदा कमी असतं, नंदुरबार-गडचिरोलीकडे सिकलसेल (रक्ताच्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असतो. तिथे बीट काय करणार?

उपचार मात्र खरंच बदललेत. लोहाची गोळी घेतली की यकृतातून हेप्सिडिन नावाचं हार्मोन वाढतं आणि दुसऱ्या दिवशीचं लोह शरीर कमी घेतं. म्हणून काही डॉक्टर आता एक दिवसाआड गोळी देतात. (गरोदर असाल तर आपल्या मनाने हे करू नका.) मावशीला शिरेतून फेरिक कार्बोक्सिमाल्टोज हे लोहाचं औषध दिलं. १००० मिलिग्रॅम, पंधरा-वीस मिनिटांत. पूर्वी आयर्न सुक्रोज या शिरेतून द्यायच्या दुसऱ्या लोहासाठी पुन्हा पुन्हा खेपा माराव्या लागायच्या. सिकलसेलसाठी तर २०२३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेत जीन एडिटिंगच्या (जनुकातच बदल करणाऱ्या) उपचाराला मंजुरी मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्या पाड्यावरच्या पोराला तूर्तास सिकलसेलवरचं नेहमीचं औषध, हायड्रॉक्सीयुरिया, वेळेवर मिळालं तरी पुष्कळ.

गाठीचं ऑपरेशन झालं. परवाचा रिपोर्ट ११.४. मावशी तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढली, वर माझ्याच हातातली पिशवी घेऊन. गोळ्या अजून चालू आहेत. साखरेचा तो डबा मात्र मी येताना उचलून आणलाय.