बोहारीण टेहळणीला येत नाही

‘दुपारी दारावर येणाऱ्या बोहारणी, पाट्याला टाकी लावणाऱ्या, सुया-फण्या विकणाऱ्या बायका घराची टेहळणी करतात. या जमाती पिढीजात गुन्हेगार. दारोदार विकायला कायद्याने बंदी आहे. खरं-खोटं माहीत नाही, पण सगळ्यांना पाठवा.’ हा मेसेज सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्याकडेही आला, आणि मला राग आला.

दुपारीच का? कारण तेव्हा घरची बाई कामं उरकून जरा मोकळी असते आणि कपाट उघडून जुने कपडे काढू शकते. ‘ताई, आणखी एक साडी घाला, मग मोठं पातेलं देते’ ही घासाघीस घाईत होत नाही. बोहारणीचा धंदा त्याच गल्लीत पुन्हा पुन्हा येण्यावर चालतो. नेलेले कपडे सांधून, धुऊन पुन्हा विकले जातात. कासार तर ओसरीवर बसून घरातल्या लेकीसुनांना बांगड्या भरायचा, लग्नाचा चुडाही तोच भरायचा. एवढा विश्वास होता.

‘पिढीजात गुन्हेगार’ हे शब्द इंग्रजांचे आहेत. उदाहरणार्थ, लमाण-वंजारी बैलांच्या तांड्यांवरून मीठ आणि धान्य वाहत. तावेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्याने सतराव्या शतकात दहा-बारा हजार बैलांचे तांडे नोंदवले आहेत. 1803 च्या दख्खन मोहिमेत इंग्रज फौजेचं धान्यही याच तांड्यांनी पुरवलं. पुढे 1863 मध्ये भोर घाटातून रेल्वे गेली. माल गाडीने जाऊ लागला, तांडे रिकामे झाले. 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला आणि 1911 नंतर तो मुंबई इलाख्यातही लागू झाला. त्यामुळे अशा ठरवलेल्या जमातीत जन्मलेलं मूलही सरकारदरबारी गुन्हेगार ठरू लागलं. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाआड अशा कुटुंबांची सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वसाहत होती. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोक्यातून मात्र गेलेला नाही.

कायद्याने बंदी? उलट आहे. रस्त्यावर विक्री हा वाजवी निर्बंधांसह मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात म्हटलं. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात फिरून विकणारेही येतात. सोसायटी आपल्या फाटकाआत कोणाला घ्यायचं ते ठरवू शकते, हे मान्य. पण म्हणून तो धंदा बेकायदा ठरत नाही.

राहिलं ‘पाठवायला काय जातं’. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातला राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. तेही असेच, खरं-खोटं न बघता पुढे ढकललेले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. गावाने त्यांना तीच टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेपर्यंत मारलं.